शून्यांची वही

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही असते. तिच्यावर नाव नाही, विषय नाही. आत हाताने आखलेले चार रकाने आहेत: तारीख, वाचकाने टाकलेले शब्द, पुस्तक आपल्याकडे आहे का, आणि असेल तर ते का सापडलं नाही. आमच्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, कुणी काही शोधलं आणि पडद्यावर ‘० निकाल’ आलं की ते शब्द मी जसेच्या तसे वहीत उतरवते. शुद्धलेखन चुकलेलं असेल तर तेही तसंच. तालिका ऑनलाइन झाली त्याच आठवड्यात ही वही घातली, आणि तेव्हा हेतू काही फार थोर नव्हता. मला संगणकाच्या चुका जमवायच्या होत्या. पुरावा म्हणून.

पहिलीच नोंद आहे ‘दुःख’. एक वाचक काउंटरवर आले आणि म्हणाले, “मॅडम, फोनवर बघितलं तर तुमच्याकडे ते पुस्तक नाही दाखवत. पण मागे मी इथूनच नेलं होतं.” पुस्तकाच्या नावात तो शब्द होता. आमच्या नव्या सहायकाने पुन्हा शोधलं आणि सांगून टाकलं, “सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही, काका.” मी उठले, आत गेले, रॅकवरून पुस्तक काढलं आणि काउंटरवर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं. २३ वर्षं त्या रॅकांमधून फिरल्यावर एवढं तर येतंच.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी सहायकाने त्या पुस्तकाची नोंद उघडली आणि दोन शब्द शेजारी-शेजारी मोठे करून दाखवले. “ताई, हे बघा. वाचकाने विसर्ग दिलाय. आपल्या नोंदीत विसर्ग नाहीये, कोलन आहे.” माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण संगणकाच्या लेखी विसर्ग अक्षराचा भाग असतो आणि कोलन हे नुसतं विरामचिन्ह, म्हणजे ‘दु’ एकीकडे आणि ‘ख’ दुसरीकडे. नोंद कुणी केली तेही तिथे दिसतं. मीच केली होती. विसर्ग कुठल्या कळीवर आहे हे माहीत नसल्यामुळे महिनाभर मी दिसेल तिथे कोलन ठोकत होते. प्रातःकाल, अंतःकरण, निःशब्द, एकही सुटला नव्हता.

चौथ्या रकान्यात पहिलं कारण लिहिलं: ‘मी’.

मी कार्डांवर वाढलेली. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं जाड कार्ड, खाली मध्यावर भोक, खणातल्या सगळ्या कार्डांमधून ओवलेली सळई. एका पुस्तकाला लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं अशी तीन-चार कार्डं. ग्रंथालयांना छापील कार्डं पुरवणाऱ्या ओसीएलसीने शेवटची कार्डं छापली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये, आणि आम्ही त्यानंतरही हाताने लिहीतच होतो. माझं अक्षर बरं असल्यामुळे हे काम कायम माझ्याकडे. त्यामुळे ‘आता सगळं ऑनलाइन’ असं ठरलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की आता माझ्या अक्षराचं काय.

खणाचा एक गुण मात्र मला तो सुटल्यावर कळला. खणात बोट थोडं चुकीच्या जागी पडलं तरी शेजारी काहीतरी असतंच. ‘देशपांडे’ काढताना ‘देशमुख’ दिसतात, नावाचं स्पेलिंग वाचकाला नीट माहीत नसलं तरी मागेपुढे चार कार्डं चाळून गाठता येतं. शोधखिडकीला शेजारच नाही. एक काना इकडचा तिकडे झाला की थेट शून्य. आणि छापील शून्यावर लोक विश्वास ठेवतात. मी तोंडी “नसावं बहुतेक” म्हटलं असतं तर वाचकाने “जरा आत बघता का?” असं विचारलं असतं. पडद्यावर शून्य दिसलं की मान हलवून निघून जातात.

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. शिकवायला आलेले सर हुशार, पण त्यांचा माऊसचा बाण माशीसारखा फिरायचा. मी मान खाली घालून लिहून घेत होते: ‘वर उजवीकडे तिसरं बटण, मग हिरवं, मग खाली सरकवा.’ अशी १४ पानं भरली. काही महिन्यांनी नवी आवृत्ती चढवली आणि हिरवं बटण निळं होऊन डावीकडे गेलं. १४ पानं रद्दी. मग नव्याने लिहिली, पण बटणाची जागा न लिहिता काय करायचंय तेवढंच लिहिलं: ‘पुस्तक परत आलं, पण आत पानं फाटलेली आहेत. नोंद कुठे करायची?’ याचं उत्तर कुठल्याही आवृत्तीत शोधता येतं, कारण प्रश्न आपला असतो.

भीती बटणांची नव्हती, फोन मी सगळ्यांसारखाच वापरते. भीती होती ती कचऱ्याच्या डब्याच्या चित्राची. आमच्याकडे एखादं पुस्तक साठ्यातून काढायचं म्हणजे निर्लेखनाची यादी करा, मंजुरी घ्या, दाखल नोंदवहीत लाल शाईने शेरा मारा. आणि इथे एक इवलासा डबा, त्यावर टिचकी मारली की संपलं? सहायकाने मला सरावासाठी एक वेगळी प्रत करून दिली, खऱ्या माहितीशी काही संबंध नसलेली. तिथे मी एक पुस्तक तयार केलं. शीर्षक ‘चाचणी’, लेखिका मीच, पृष्ठसंख्या ९९९९. ते स्वतःलाच दिलं, उशिरा परत केलं, दंड लावून घेतला, हरवलं, सापडवलं. मग पुन्हा दिलं आणि डब्यावर टिचकी मारली. प्रणालीने नकार दिला. पुस्तक वाचकाकडे आहे, काढता येणार नाही! त्या नकाराने मला जेवढा धीर आला तेवढा दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने आला नव्हता. म्हणजे हे बांधणाऱ्याला देवघेव काय असते ते ठाऊक आहे.

आम्ही वापरतो ती प्रणाली कोहा. तिची जन्मकथा मी नंतर वाचली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी बांधून घेतली. ती जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि मग सगळ्यांसाठी खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. हौसेने कुणीच ऑनलाइन जात नाही, गळ्याशी आलं की जातात, हे वाचून मला त्या अनोळखी ग्रंथपालांबद्दल आपलेपणा वाटला.

आता मार्क, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी संगणकासाठी लिहिण्याची पद्धत. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माझी पाळी होती.

पुस्तकाची नोंद संगणकाला कळावी म्हणून प्रत्येक गोष्टीला तीन अंकी क्रमांक असतो. लेखक १००, शीर्षक २४५, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक ०२०, ड्युईच्या विषयवार वर्गीकरणातला वर्गांक ०८२, पृष्ठसंख्या आणि आकार ३००, विषय ६५०. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्राम यांनी घडवली. त्या ग्रंथपाल नव्हत्या, प्रोग्रॅमर होत्या, आणि काम करता करता तालिकीकरण शिकल्या. म्हणजे माझा प्रवास उलट दिशेने.

सहायकाला तो पडदा पाहून घाम फुटला. मला पहिल्या तासात कळलं की हे माझंच कार्ड आहे, फक्त ओळींना नंबर दिलेत. तो विचारायचा, “ताई, संपादक १०० मध्ये टाकू?” नाही रे, संपादकाला ७००. “भाषांतरकार?” तोही ७००, आणि मूळ लेखक १०० मध्ये. “पुस्तक एकच आहे पण वर शीर्षक वेगळं, आत वेगळं?” मुखपृष्ठावर जाऊ नकोस, आतलं शीर्षकपृष्ठ धर. त्याने मला कॉपी-पेस्ट शिकवलं, मी त्याला मुख्य नोंद म्हणजे काय ते. २४५ च्या दोन निर्देशकांपैकी दुसरा तर मला इतका आवडला की मी घरी जाऊन सांगितलं. इंग्रजी शीर्षक ‘द’ने सुरू होत असेल तर क्रम लावताना पहिली किती अक्षरं वगळायची तो आकडा तिथे द्यायचा. ‘द’ची तीन इंग्रजी अक्षरं आणि एक मोकळी जागा, म्हणून ४. कार्डं लावताना ‘द’कडे दुर्लक्ष करायचं हे आम्ही डोक्यात ठेवायचो. यंत्राला ते आकड्यात सांगावं लागतं. घरी कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

पण गर्वाचं घर खाली असतं, आणि ते यावेळी स्प्रेडशीटमध्ये होतं. जुन्या पुस्तकांची यादी एका शीटमध्ये भरून मग ती प्रणालीत चढवायची होती. मी रोज बसून आयएसबीएन भरले. १३ अंकी क्रमांक भरला की तो रकान्यात ‘९.७८ई+१२’ असा आक्रसून दिसायचा. मला वाटलं, जागा पुरत नसेल. फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे नुसत्या मजकुराच्या साध्या रूपात, जतन केली, बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक एकच: ९७८ आणि पुढे दहा शून्यं. दिसत होतं तेवढंच जतन झालं होतं. दहा अंकी जुने क्रमांक वाचले असं वाटलं, पण त्यांतलेही ज्यांची सुरुवात शून्याने होती त्यांचं शून्य गळून नऊच अंक उरले. खंडांच्या रकान्यात मी ‘१-२’ लिहिलं होतं, त्याची तारीख झाली. एवढं सगळं मदत म्हणून! मोजणी करायची नसेल तर आकड्यालाही आधी ‘मजकूर’ म्हणून घोषित करायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आयएसबीएनची कुणी बेरीज करतं का?

करतात म्हणे. ते कळलं तेव्हा मला क्रमांकाबद्दल आदर वाटायला लागला. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी झाला. पहिला अंक एकने गुणायचा, दुसरा तीनने, तिसरा पुन्हा एकने, असं शेवटपर्यंत. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे, नाही गेला तर क्रमांक चुकलाय. एखादा अंक चुकला तर हे नक्की पकडतं. पण शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्या दोघांत पाचाचा फरक असेल, तर बेरजेत बरोबर दहाचा फरक पडतो आणि चूक गुपचूप आत शिरते. माझ्या हातून २७ च्या जागी ७२ गेले होते आणि प्रणालीने मुकाट्याने घेतले. जुना दहा अंकी क्रमांक अकराने तपासला जायचा, त्याने ते पकडलं असतं. तेव्हापासून मी क्रमांक हाताने टाकतच नाही, बारकोडवर स्कॅनर धरते. स्कॅनर म्हणजे तरी काय, भराभर टाइप करणारा कळफलकच.

वहीत परत येते. पहिल्या काही महिन्यांत निम्म्याहून जास्त शून्यांच्या पुढे ‘पुस्तक आहे’ असंच लिहावं लागलं. आणि कारणं बघता बघता मला मराठी अक्षरांची एक वेगळीच बाजू कळली.

सगळ्यांत छळलं ते ऱ्ह आणि ऱ्य यांनी. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या. हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत त्यासाठी वेगळंच अक्षर असतं, खाली टिंब असलेला ऱ. दुसरीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना अजिबात न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर छापा, दोन्ही हुबेहूब. संगणकाच्या पोटात दोन वेगळे शब्द. आमच्या दोन टेबलांवरचे कळफलक वेगळे होते, त्यामुळे माझी ‘कुऱ्हाड’ त्याला सापडायची नाही आणि त्याची मला. हे शोधायला आम्हाला दीड आठवडा लागला. न दिसणाऱ्या अक्षराची चूक कशी शोधतात? सहायकाने शब्दातली अक्षरं मोजून दाखवली. माझ्या शब्दात एक जास्त होतं.

मग जुनं शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘नाहीं’ असे अनुस्वार सांडलेले असतात. शीर्षक पुस्तकावर आहे तसंच उतरवायचं हा आमचा धर्म, त्यामुळे २४५ मध्ये ‘कांहीं’च राहणार. आजचा वाचक ‘काही’ शोधणार, शून्य येणार. यावर औषध निघालं २४६ मध्ये, तिथे शीर्षकाचं दुसरं रूप देता येतं. दोन्ही राहतात, कुणाचाच मान जात नाही.

टोपणनावांचंही तसंच. राम गणेश गडकरी यांची नाटकं त्यांच्या नावावर, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने. कार्डांच्या खणात आम्ही ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ अशी कार्डं घालायचो. इथे त्यासाठी अधिकृत नावांच्या वेगळ्या नोंदी असतात, एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या. यादी ऑनलाइन करताना नेमकी ती ‘पाहा’ कार्डं ‘ही पुस्तकं नाहीत’ म्हणून बाजूला काढली गेली होती. बुटाच्या खोक्यात. मी ते खोकं फेकू दिलं नव्हतं, हे माझं या सगळ्या प्रकरणातलं एकमेव शहाणपण.

दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेता येते, ही सोय मात्र खरंच जादू आहे. आयएसबीएन टाका, झेड३९.५० नावाची व्यवस्था दुसरीकडच्या तालिकेत जाऊन नोंद घेऊन येते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एका दुपारी इतकी पुस्तकं चढवली की चहा प्यायचं विसरले. मग वहीत शून्यं वाढली. परदेशी ग्रंथालयांनी मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत लिहिलेली असतात, अक्षरांवर आडव्या रेघा, खाली टिंबं. देवनागरी रूप असलं तर ते ८८० मध्ये असतं, आणि बऱ्याचदा नसतंच. कोणता वाचक टिंबं देऊन शोधणार आहे? उतरवलेली नोंद आता मी उसन्या भांड्यासारखी धरते, घासून घेतल्याशिवाय वापरत नाही.

शून्याचा एक चुलतभाऊ आहे, ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारा ४०४. विद्यार्थ्यांसाठी मी उपयोगी संकेतस्थळांची यादी केली होती, मोठ्या कौतुकाने. वर्षभराने एका मुलीने सांगितलं की अर्धे दुवे बंद आहेत. पुस्तक रॅकवर ठेवलं की ते तिथेच राहतं या सवयीने मी दुवेही ठेवले होते. आता दुवा देण्याआधी त्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवते आणि दोन्ही पत्ते देते. त्या यंत्रात १९९६ पासूनची पानं आहेत. एकदा सहज जुनी पानं बघत बसले तर संध्याकाळ गेली. (ग्रंथालयातल्या माणसाला हे असं कशात तरी गुंतून बसणं चुकत नाही, साधन कुठलंही द्या.)

गेल्या महिन्यात सहायक म्हणाला, “ताई, वही कशाला? वाचक काय शोधतात ते सिस्टीम आपोआप नोंदवू शकते. चालू करून देतो.” त्याने केली. रोज सकाळी यादी हजर. शब्द, वेळ, निकाल किती. माझे पहिले दोन रकाने त्यात आयते मिळतात आणि माझ्यापेक्षा नीट. तिसरा रकाना मात्र कोरा. पुस्तक रॅकवर आहे की नाही हे बघायला उठावंच लागतं. म्हणून आता आम्ही दोघांत एक ऑनलाइन शीट ठेवलीय. पहिले दोन रकाने यंत्राचे, तिसरा माझा, चौथ्यावरून आमचं भांडण. क्रमांकाचा रकाना मी पहिल्याच दिवशी ‘मजकूर’ करून ठेवला.

यादीत वाचकांची नावं ठेवायची नाहीत हे मात्र मी आधीच बजावलं. जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर आधी कुणी-कुणी नेलं त्यांचे तिकीट क्रमांक दिसायचे आणि आम्हाला ते कधी खटकलं नाही. आता वाचकाला स्वतःचा इतिहास ठेवायचा की पुसायचा हे ठरवता येतं. मला हा बदल आवडला. कोण काय वाचतं हे मला पूर्वी बरंच पाठ होतं, आणि ते मला पाठ असायला नको होतं असं आता वाटतं.

काल सकाळच्या यादीत एक शोध होता. वेळ रात्री ११:५२, शब्द: ‘आईने मागे आणलेलं ते’. निकाल ०. सहायक हसला. मीही हसले, पण शीटमध्ये ओढून घेतला. तिसऱ्या रकान्यात ‘असणार’ असं लिहिलंय. काउंटरवर आलं कुणी विचारत, तर बघू.